तिसरा रकाना

परवा माझ्या एका मैत्रिणीचा नव्या ऑफिसातला पहिला दिवस होता. नवी बॅग, नवा लॅपटॉप, गळ्यात आयकार्ड... आणि समोर जॉइनिंगच्या कागदांचा गठ्ठा. पॅन नंबर, पीएफ नंबर, ब्लड ग्रुप, इमर्जन्सीला कुणाला फोन करायचा, वगैरे वगैरे. मधेच कुठेतरी ‘जेंडर’ असा रकाना आणि त्यापुढे तीन चौकोन. मेल, फीमेल, अदर. तिने दुसऱ्यावर टिक मारली आणि पान उलटलं. अर्धा सेकंदही लागला नाही.

आपल्यापैकी बहुतेकांना तो लागतच नाही. तिसऱ्या चौकोनावर कुणी खरंच टिक मारली, तर त्या माणसाचं पुढे काय होतं, असा प्रश्न मला तरी कधी पडला नव्हता. तो पडला धुळ्यात.

मी जळगावची. घरी गेले की हमखास एखादं काम काढून धुळ्याला चक्कर होते. एसटीने पारोळ्यावरून, उन्हात भाजत. या वेळी एका ओळखीच्या वकिलांनी एका मुलीशी गाठ घालून दिली होती. नाव छापू नको म्हणाली, म्हणून तिला ‘ती’च म्हणू या. बी.कॉम., टॅली पक्कं, टायपिंग माझ्यापेक्षा फास्ट. मुलगा म्हणून जन्मली, आता मुलगी म्हणून जगते. स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही चहा घेत बसलो आणि पहिली दहा मिनिटं ती आजूबाजूच्या टेबलांकडेच बघत होती.

“काय सांगू ताई, फोनवर सिलेक्शन झालं होतं,” ती म्हणाली. “सोमवारपासून या, म्हणाले. कागदपत्रं घेऊन गेले. मार्कशीटवर जुनं नाव, आधारवर नवीन. सर दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत बसले. मग माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, कळवतो.”

‘कळवतो’ या शब्दाचा अर्थ आपल्याला माहीत आहे. मुलगी बघायला आलेली मंडळी भरपेट पोहे खाऊन जाताना म्हणतात, तोच!

आता ती एका छोट्या ऑफिसात हिशेब लिहिते. पगार बरा, मालक भला. फक्त एक गोष्ट. ऑफिसात बाथरूम दोन. पुरुषांच्यात ती जाऊ शकत नाही आणि बायकांच्यात ती गेलेली दोघींना आवडलं नाही. भांडण वगैरे नाही हं, कुणी काही बोललंही नाही. नुसती आतून लावलेली कडी उगाच जास्त वेळ लागलेली राहायची. मग हिने जाणंच सोडलं. सकाळी निघताना दोन घोट पाणी, ते संध्याकाळी घरी येईपर्यंत. धुळ्याचा मे महिना ज्याने काढलाय, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

हे ऐकून पहिली प्रतिक्रिया काय होते? “याच्यासाठी काहीतरी कायदा पाहिजे यार!” माझीही तीच झाली. आणि गंमत म्हणजे कायदा आहे. चांगला छापील, संसदेने पास केलेला.

सुप्रीम कोर्टाने १५ एप्रिल २०१४ ला ‘नालसा’ खटल्यात तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता दिली, तिथून ही गाडी हलली. २०१९ साली संसदेने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला आणि १० जानेवारी २०२० पासून तो लागू झाला. नोकरी देताना, बढती देताना भेदभाव करायचा नाही, असं त्याचं नववं कलम सांगतं. फक्त सरकारी खात्यांना नव्हे, खाजगी कंपन्यांनाही. अकरावं कलम म्हणतं, प्रत्येक आस्थापनेने एक तक्रार अधिकारी नेमायचा. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या नियमांनी तर बारीकसारीकही सांगितलं. समान संधीचं धोरण लिहून ठेवा, सगळ्यांना वापरता येईल असं टॉयलेट द्या, तक्रार आली तर पंधरा दिवसांत चौकशी करा. म्हणजे धुळ्यातल्या त्या बाथरूमचा विचार दिल्लीत कुणीतरी आधीच करून ठेवला होता! तो विचार पाचकंदिलापर्यंत काही पोचला नाही, एवढंच.

का नाही पोचला? मला वाटतं, या कायद्याला दात नाहीत. दुसरा एक कायदा आठवा. ऑफिसातल्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा, ज्याला आपण ‘पॉश’ म्हणतो. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसने कमिटी नेमली नाही तर पन्नास हजारांपर्यंत दंड. म्हणून दर वर्षी ते ट्रेनिंग होतं, समोसे येतात, शेवटी क्विझ असते. २०१९ च्या मूळ कायद्यात शिक्षेचं कलम आहे, सहा महिने ते दोन वर्षं कैद. मारहाण, छळ, वेठबिगारी, घरातून किंवा गावातून हाकलणं, सार्वजनिक ठिकाणी जाऊ न देणं, यासाठी. ‘कळवतो’ म्हणून न कळवणाऱ्यासाठी त्यात थेट काहीच लिहिलेलं नाही. तक्रार अधिकारी नेमला नाही म्हणून दंडही नाही. मग समोसे कशाला मागवायचे?

आता तुम्ही म्हणाल, सगळं निराशेचंच काय? थांबा. आमच्या जळगावची एक गोष्ट सांगते.

जळगावहून भुसावळकडे जाताना मधे भादली नावाचं छोटं स्टेशन लागतं. तुमची एक्सप्रेस तिथे थांबत नाही, त्यामुळे तुम्ही ते पाहिलं नसेल. त्या भादली बुद्रुक गावात २०२० च्या डिसेंबरात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. अंजली पाटील यांनी एका वॉर्डातून अर्ज भरला. वॉर्ड सर्वसाधारण महिलांसाठी राखीव. अंजलीताई तृतीयपंथी आहेत. कोर्टाच्या कागदांत त्यांचं नाव येतं ते अंजली गुरू संजना जान असं, गुरूच्या नावासकट. त्यांनी अर्जात स्त्री असं लिहिलं. छाननीत अर्ज बाद! कारण काय, तर तुम्ही तृतीयपंथी, वॉर्ड महिलांचा, आणि तृतीयपंथीयांसाठी इथे जागाच राखीव नाही.

पुन्हा एकदा वाचा ते कारण. महिलांच्या जागेवर उभ्या राहू नका, आणि तुमची म्हणून वेगळी जागा नाही. मग माणसाने जायचं कुठे? धुळ्यातल्या त्या दोन बाथरूमचं कोडं आणि हे कोडं, सेम टू सेम.

अंजलीताई गप्प बसल्या नाहीत. थेट हायकोर्टाचं औरंगाबाद खंडपीठ गाठलं. वेळ किती कमी होता बघा. मतदान होतं १५ जानेवारीला आणि न्या. रवींद्र घुगे यांनी निकाल दिला २ जानेवारी २०२१ ला. त्यांनी अर्ज बाद करण्याचा निर्णय रद्द केला आणि अंजलीताईंना महिला राखीव जागेवरून लढायची मुभा दिली. कोर्टापुढे अंजलीताईंनी सांगितलं होतं की मी स्त्री म्हणून जगते आणि पुढे सोयीसाठी कधी पुरुष म्हणून पलटणार नाही. कोर्टाने ते नोंदवून घेतलं. इथे मी जरा अडखळते, खरं सांगू? आपल्यापैकी कुणाला आयुष्यभराचं असं वचन कोर्टात देऊन अर्ज भरावा लागलाय का कधी? पण असो.

अंजलीताई लढल्या आणि निवडून आल्या. भादलीच्या मतदारांनी त्यांना ग्रामपंचायतीत बसवलं.

“पण ही तर निवडणूक झाली, नोकरी कुठे?” कबूल. मला त्यातलं दिसलं ते वेगळंच. छाननीला बसलेला तो अधिकारी कुणी सिनेमातला व्हिलन नव्हता. त्याच्यासमोर फॉर्म होता, फॉर्ममध्ये उत्तर नव्हतं, म्हणून त्याने सोपं काम केलं, अर्ज बाजूला ठेवला. ऑफिसातली एचआरवाली मंडळीही अशीच असतात. वाईट नसतात. दोन कागद जुळले नाहीत की बाजूला ठेवतात.

पोलीस भरतीतही हेच झालं. साताऱ्याकडच्या आर्या पुजारी यांना २०२२ साली अर्ज भरायचा होता, पण ऑनलाइन फॉर्म पुढेच सरकेना. स्त्री किंवा पुरुष, यातलं एक निवडा. ‘मॅट’ने, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणाने, तिसरा पर्याय ठेवा असं सांगितलं. सरकार त्याविरुद्ध हायकोर्टात गेलं, अवघड आहे म्हणालं. डिसेंबर २०२२ मध्ये हायकोर्टाने कान टोचले, आणि जे अवघड होतं ते काही दिवसांत झालं! वेबसाइटवर रकाना आला. आमच्या खान्देशातल्याच, नंदुरबारच्या विजया वसावे गेल्या काही वर्षांत वनरक्षक झाल्या, राज्यातल्या पहिल्या तृतीयपंथी वनरक्षक.

अर्थात रकाना आला म्हणजे सगळं सुटलं, असं नाही. कोची मेट्रोने २०१७ साली तृतीयपंथीयांना नोकऱ्या दिल्या. देशभर कौतुक झालं, फोटो छापून आले. आणि सुरुवातीच्या काही दिवसांतच त्यातल्या काहीजणींनी नोकरी सोडली. काम झेपत नव्हतं म्हणून नाही. परवडेल असं भाड्याचं घर कुणी देईना! कोथरूडमध्ये बॅचलर म्हणून घर शोधलेल्यांनी यातला पाव भाग अनुभवलाय. पाव म्हणतेय, लक्षात घ्या.

ताजी गोष्ट १७ ऑक्टोबर २०२५ ची. जेन कौशिक या शिक्षिकेला उत्तर प्रदेशातल्या एका शाळेतली नोकरी सोडावी लागली आणि गुजरातेतल्या एका शाळेत नेमणूक होऊन रुजू होऊ दिलं गेलं नाही. त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. कोर्टाने भरपाई द्यायला लावली, सरकारांना कायद्याबाबतच्या ढिलाईवरून झापलं, आणि समान संधीचं धोरण तयार करायला निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कायदा लागू होऊन तेव्हा पाच वर्षं उलटून गेली होती!

मी एक छोटा उद्योग केला. नोकरी करणाऱ्या माझ्या सहा मित्रमैत्रिणींना मेसेज टाकला, ‘तुमच्या ऑफिसात तृतीयपंथीयांसाठीचा तक्रार अधिकारी कोण आहे, एचआरला विचारून सांग ना.’ दोघांनी हसण्याचे स्मायली पाठवले. एकाने विचारलं, “आमच्यात कुणी तसं नाहीये, मग कशाला?” (तुला कसं माहीत, हा प्रश्न मी गिळला. मुलगी म्हणून जन्मून मुलगा म्हणून जगणारे ट्रान्स पुरुष तर शेजारच्या डेस्कवर असले तरी कुणाच्या लक्षात येत नाहीत.) दोघींना ‘पॉशवाल्या मॅडमच बघतात बहुतेक’ असं उत्तर मिळालं. सहावी म्हणजे ती नव्या ऑफिसातली मैत्रीण. तिने चक्क मेल टाकला, कलम अकराचा नंबर घालून. पहिल्याच आठवड्यात! दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘नोटेड, विल रिव्हर्ट.’

मराठीत सांगायचं तर, कळवतो.

हे लिहीत असताना धुळ्याहून फोन आला. त्या छोट्या ऑफिसचं काम आता कमी होतंय, दुसरीकडे बघायला हवं, असं म्हणत होती. “पुण्यात टॅलीचं काही असलं तर सांगा ना ताई. बायोडेटा पाठवते.” पाठव म्हटलं. मग थोडा वेळ लाईनवर नुसताच पंख्याचा आवाज.

“फोटो लावू का त्यावर? का नको?”