पदवीनंतरची वणी

१९८३च्या मे महिन्यात अमरावती विद्यापीठ सुरू झाले. त्याआधीच्या आपल्या वणीच्या पदव्यांवर नागपूर विद्यापीठाचे नाव आहे. या अंकात दोन्ही पिढ्यांच्या पदवीधरांचे 'सध्या काय चाललंय' एकत्र छापायचे आहे.

लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म वणीचा, १८८०चा. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकून ते आधी अमरावतीत शिक्षक झाले, मग यवतमाळात वकील. पुढे १९४८मध्ये बिहारचे राज्यपाल. लोकमान्यांवरच्या त्यांच्या संस्कृत महाकाव्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९७३मध्ये, त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी. पदवीनंतरचे आयुष्य असे वळणे घेत जाते. पहिल्या नोकरीवरून त्याचा हिशेब मांडू नये.

म्हणून पुण्या-बंगळुरूच्या पगाराइतकीच आम्हाला कोळसा खाणीतल्या पाळीची, कापसाच्या शेतीची, स्पर्धा परीक्षेत गेलेल्या वर्षांचीही खबर हवी आहे. लग्नानंतर जिचे आडनाव बदलले आणि शिक्षण मागे पडले, त्या मैत्रिणीची तर नक्कीच. तिचा पत्ता आमच्याकडे नसतो, तो तुमच्याकडे असतो.

तिला कळवा, आणि स्वतःचेही चार ओळींत लिहून पाठवा.