कांदा आपला, पण पत्र कोण वाचणार?

मुलांनो,

या आठवड्याचा प्रश्न एका मोठ्या ताईचा आहे. आमच्या घोडेगावातच प्राथमिक शाळा शिकलेली ही मुलगी आता बारावी कॉमर्सला आहे. ती विचारते, "बाई, मला पुण्याला जाऊन इंटरनॅशनल बिझनेस शिकायचंय. सोबत फ्रेंच आणि जपानीही शिकायचीय. पण आजोबा म्हणतात, कांदे विकायला फ्रेंच कशाला लागतं? तुम्हीच सांगा, मी काय करू?"

आजोबांना हसू नका हं! पुण्यात राहायचं म्हणजे खोलीचं भाडं, मेसचं जेवण, कॉलेजची फी, वर भाषेच्या क्लासची फी. एवढा पैसा घालायचा, तर तो कशासाठी हे विचारायचा घरच्यांना हक्क आहे. म्हणून आपण आजोबांच्याच प्रश्नापासून सुरुवात करू. कांदे विकायला फ्रेंच लागतं का?

आमच्या गावचा कांदा बाजार मोठा आहे. हंगामात गोण्यांनी भरलेल्या गाड्यांची रांग लागते. लिलाव होतो, वजन होतं, शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. आपल्याला वाटतं, झालं, कांदा विकला. पण कांद्याचा प्रवास तर तिथून पुढे सुरू होतो! व्यापारी तो निवडतो, जाळीच्या गोण्यांत भरतो. त्यातला काही माल कंटेनरमधून बंदरावर जातो आणि जहाजात चढतो. बांगलादेश, मलेशिया, श्रीलंका, संयुक्त अरब अमिरात अशा देशांत भारताचा कांदा खाल्ला जातो.

आणि मॉरिशसमध्येही. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती, हे तुमच्या घरी सगळ्यांना आठवत असेल. त्या बंदीतही फेब्रुवारी २०२४ मध्ये चार देशांना थोडा कांदा द्यायचं ठरलं. त्यात बांगलादेशला ५०,००० टन आणि मॉरिशसला १,२०० टन होता. आता गंमत ऐका. मॉरिशसमध्ये सरकारी कामात इंग्रजी चालते, पण तिथली बहुतेक वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये निघतात आणि लोक घरात क्रिओल बोलतात. ही क्रिओल फ्रेंचमधूनच तयार झालेली. शिवाय एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर कामाला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही तिथे आहेत. मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते!

तांदळाचंही तसंच. पश्चिम आफ्रिकेतले बेनिन, सेनेगल, टोगो, आयव्हरी कोस्ट हे देश भारताकडून भरपूर तांदूळ घेतात. तिथे व्यापाराची भाषा फ्रेंच आहे. म्हणजे फ्रेंच ही फक्त फ्रान्सची भाषा नव्हे. जगातल्या सुमारे पंचवीस देशांत ती राजभाषा आहे.

आता जपानी. त्यासाठी तर जिल्ह्याबाहेरही जायला नको. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पुण्याच्या रस्त्यावर, पारनेर तालुक्यात सुपा आहे. तिथल्या एमआयडीसीत जपानी कंपन्यांसाठी वेगळी औद्योगिक वसाहत ठेवली आहे. भारतात अशा वसाहती मोजक्याच आहेत. जपानी ग्राहक मालाच्या बाबतीत किती काटेकोर असतो, हे आंब्यावरून कळतं. फळमाशीच्या भीतीने जपानने आपला आंबा वीस वर्षं घेतलाच नव्हता. २००६ साली दार उघडलं, पण अट घातली. आंब्याला ठरावीक उष्ण वाफेची प्रक्रिया करायची आणि मगच तो जहाजात किंवा विमानात चढवायचा. ही अट नीट समजली नाही, तर सगळा माल परत!

मग इंटरनॅशनल बिझनेसमध्ये शिकवतात तरी काय? हेच सगळं. समजा, कांद्याचा कंटेनर निघाला आणि वाटेत सडला. नुकसान कोणाचं? सौद्यात 'एफओबी' असं लिहिलं असेल, तर माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च आणि जोखीम विकणाऱ्याची, पुढची घेणाऱ्याची. ही तीन अक्षरं ज्या नियमावलीत आहेत, ती पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने १९३६ मध्ये पहिल्यांदा काढली. याशिवाय बँकेची हमी, मालाला कीड नसल्याचा दाखला, आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक, चलनाचा चढउतार हेही शिकायचं असतं. भाषा येते पण हे येत नाही, असा माणूस नुसता दुभाषी होतो. दुभाषाचं कामही चांगलंच आहे, पण सौदा ठरवणारा दुसराच असतो.

"पण बाई, आता मोबाइलच भाषांतर करतो की!" असं कोणीतरी म्हणेलच. करतो, आणि बऱ्यापैकी करतो. पण एक सांगा, तुम्ही सायकल मागितली आणि बाबा म्हणाले, "बघू," तर तुम्ही काय समजता? नाही, असंच ना? जपानी व्यापारीही कधी कधी म्हणतो, "केन्तो शिमास," म्हणजे "आम्ही विचार करतो." मोबाइल तेवढंच सांगेल आणि आपण आशेवर बसू. प्रत्यक्षात तो पुष्कळदा सभ्य नकार असतो! 'बघू'चा अर्थ कळायला त्या घरात वावरावं लागतं. भाषा शिकणं म्हणजे थोडंसं त्या घरात वावरणंच.

या दोन भाषा अवघड आहेत का? थोड्या आहेत, पण मराठी मुलांना एक फायदा आहे. जपानी वाक्य आपल्यासारखंच चालतं. "वाताशि-वा रिंगो-ओ ताबेमास." वाताशि म्हणजे मी, रिंगो म्हणजे सफरचंद, ताबेमास म्हणजे खाते. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच! आपण म्हणतो, "थंडी आहे ना?" ते म्हणतात, "सामुइ देस ने?" आपलं काळीज धडधडतं, त्यांचं 'दोकि-दोकि' करतं. आपल्याकडे ढग गडगडतात, त्यांच्याकडे 'गोरो-गोरो' करतात. त्यांच्या अक्षरांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न असा आहे. तो आपल्या बाराखडीसारखा का वाटतो? कारण बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतची वर्णमाला तिकडे पोचली होती.

अवघड आहे ती लिपी. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांत ४६-४६ मूळ अक्षरं आहेत. ती दोन महिन्यांत येतात. पण कांजी ही चित्रलिपी हजारोंनी आहे. जपानची मुलं प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १,०२६ कांजी शिकतात. तेव्हा "सहा महिन्यांत जपानी, लगेच परदेशी नोकरी" अशी जाहिरात दिसली, तर पैसे भरण्याआधी थांबा!

फ्रेंचमध्ये लिपीचा त्रास नाही, पण लिहितात एक आणि उच्चारतात दुसरं. शेवटची अक्षरं पुष्कळदा गप्प बसतात. आपण पॅरिस म्हणतो, ते म्हणतात पारी. त्यांच्यात लिंगं दोनच, आपल्या मराठीत तीन! 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. आणि आकडे? ऐंशीला ते 'चार विसा' म्हणतात. तुमच्या पणजीला विचारा, ती शेंगा अशाच मोजत असेल.

आता ताईला माझं उत्तर. ताई, जा. पण तिन्ही गोष्टी एका दिवशी सुरू करू नकोस. मुख्य पदवी इंटरनॅशनल बिझनेसचीच ठेव. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत ती बीबीएला आहे. पहिल्या वर्षी एकच भाषा घे. विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. तिथे फ्रेंच आणि जपानी दोन्ही शिकवतात. फ्रेंचसाठी आलियान्स फ्रान्सेजही आहे. पहिली भाषा पायावर उभी राहिली, की दुसरी सुरू कर. एप्रिल २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली आहे, फक्त तासांच्या वेळा एकमेकांवर यायला नकोत.

दरवर्षी एक परीक्षा दे. जपानीची जेएलपीटी एन-५ पासून एन-१ पर्यंत चढत जाते. एन-५ सगळ्यात सोपी आणि पुण्यात केंद्र आहे. फ्रेंचची डेल्फ ए-१ पासून सुरू होते. पण एन-५ वर थांबलीस, तर हाती फक्त प्रमाणपत्र राहील. कंपनीत उपयोगी पडेल अशी जपानी यायला तीन-चार वर्षं लागतात. दोन्ही भाषा अर्ध्या सोडण्यापेक्षा एक पक्की कर, घरच्यांच्या पैशाचं चीज होईल.

पालकांनाही दोन शब्द. भाषा आली म्हणून निर्यातबंदी टळत नाही आणि भावही वाढत नाही. तसं वचन मी देणार नाही. पण माल आपला, घाम आपला आणि परदेशातून आलेलं पत्र वाचणारं मात्र गावात कोणीच नाही, ही स्थिती आपल्याच मुलींनी-मुलांनी बदलायची आहे. पैसा एकदम घालायचा नसेल, तर आधी परीक्षा घ्या. जपानच्या एनएचके रेडिओचे जपानी धडे फुकट आहेत, हिंदीतूनही आहेत. मुलीने उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज अर्धा तास ते केले, दोन महिने टिकली, तर समजा की हौस खरी आहे. मग इग्नूचा घरबसल्या करायचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. पुण्याची खोली त्यानंतर बघा.

आणि छोट्यांनो, तुमच्यासाठी या आठवड्याचा उद्योग. घरातल्या पाच वस्तू घ्या. बिस्किटाचा पुडा, औषधाची बाटली, बॅटरी, खेळणं, काहीही. त्यांवर कुठल्या देशाचं नाव आहे आणि किती भाषांत लिहिलंय, ते वहीत टिपा. कुठली लिपी ओळखू आली नाही, तर ती अक्षरं बघून तशीच काढा आणि मला पाठवा. पुढच्या वेळी आपण ती मिळून ओळखू.

तुमची,
बाई