सूत्रकृमीचा घसा आणि शेतकऱ्याची बाग

गेल्या बैठकीत एका सभासदांनी विचारिले की, परदेशांतील विद्वान किड्याचा घसा कसा बनतो हे पाहण्यात वर्षे घालवितात, त्याचा आम्हां शेतकऱ्यांस लाभ काय? सभेत हंशा पिकला. आम्हांस हसू आले नाही. मुळांवरील गाठींनी आमची दोन एकर डाळिंबाची बाग बसली, आणि त्या गाठी करणारा शत्रू सूत्रकृमींच्याच कुळांतला आहे.

विद्वानांनी अभ्यासास घेतलेला ‘सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स’ मात्र निरुपद्रवी आहे. तो सुमारे १ मिलिमीटर लांब, काचेसारखा पारदर्शक, व सूक्ष्म जंतूंवर जगणारा. इ. स. १९८३ साली जॉन सल्स्टन व त्यांचे सहकारी ह्यांनी त्याच्या अंड्यांतील प्रत्येक पेशीची वंशावळ जुळविली. त्याच्या आतड्यांत २० पेशी असतात आणि त्या विसांचा मूळपुरुष एकच पेशी होय.

आमची उमेद महसूल कचेरीत गेली. तेथे वरून हुकूम सुटल्यावाचून खालचा कागद हलत नसे. ह्या अंड्यांतही तोच क्रम आढळतो. ‘एंड-१’ व ‘एंड-३’ ही जनुके त्या मूळ पेशीस आतड्याच्या मार्गास लावितात. पुढे ‘एल्ट-२’ हे जनुक आतड्याच्या कामाची इतर जनुके जागी करिते. घशाचा कारभार ‘फा-४’ कडे आहे. ते नसल्यास घसा बनतच नाही आणि तो जीव जगत नाही.

ह्या ज्ञानाने उद्याच बाजारांत औषध येईल, असे आम्ही म्हणत नाही. परंतु इ. स. १९९८ साली अँड्र्यू फायर व क्रेग मेलो ह्यांनी ह्याच किड्यांत जनुक मुके करण्याची रीत दाखविली, व पुढे त्याच रीतीने गाठी करणाऱ्या सूत्रकृमींस रोखण्याचे प्रयोग पिकांवर झाले. आधी निरुपद्रवी किडा वाचला, म्हणून उपद्रवी किड्याचे मर्म शोधण्याची वाट सापडली.

सबब आमचे नम्र मत असे की, अशा संशोधनाची थट्टा करू नये. त्यावर होणारा सरकारी खर्च हा बियाण्यावरील खर्च समजावा. आणि तोंवर प्रत्येक बागाइतदाराने लागवडीपूर्वी मातीची सूत्रकृमींसाठी तपासणी करून घ्यावी. आम्ही ती केली नाही, व बाग गमावली.