किल्ली हरवली, निवडणूक बुडाली!

घराला भक्कम कुलूप घालावे आणि किल्ली विहिरीत पडावी, तशी अवस्था २०२५ च्या नोव्हेंबरात साक्षात कुलूपकर्त्यांचीच झाली. गुप्तलेखनशास्त्राच्या, म्हणजेच क्रिप्टोग्राफीच्या, संशोधकांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने आपली वार्षिक निवडणूक ‘हेलिऑस’ या संगणकीय पद्धतीने घेतली. निकाल उघडण्याची किल्ली तीन विश्वस्तांत वाटलेली होती. तिन्ही तुकडे जुळल्यावाचून मोजणी अशक्य. एका विश्वस्ताचा तुकडा कायमचा गहाळ झाला. मते सुरक्षित राहिली. इतकी की ती कोणालाच उघडता येईनात! अखेर मतदान पुन्हा घ्यावे लागले, आणि यापुढे तिघांपैकी दोघांचे तुकडे पुरेत, असे ठरवावे लागले.

या शास्त्राचे सामर्थ्य नाकारणे अन्यायाचे होईल. एकेक मत न उघडता सर्वांची बेरीज काढता येते. आपले मत मोजणीत आले की नाही, हे मतदाराला स्वतः पडताळता येते. ही सोय कागदी मतपत्रिकेतही नाही. परंतु गणित निर्दोष असले, तरी किल्ली माणसाच्याच हाती असते. लहानशा संघटनेला फेरमतदान परवडले. २०२४ मध्ये ज्या देशाच्या मतदारयादीत ९६ कोटींहून अधिक नावे होती, त्याला ते परवडेल काय?

दुसरा प्रश्न याहून गहन आहे. जर्मनीच्या संविधान न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी, २००५ च्या निवडणुकीतील मतदानयंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरविला. निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानावाचून पडताळता आले पाहिजेत, हे त्यामागील तत्त्व. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी सर्व कागदी चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली; तथापि चिठ्ठीची जोड यंत्राला राहिलीच.

ती राहावी, असेच आमचे मत आहे. उद्या घरबसल्या मतदानाची योजना कोणी पुढे केली, तर गुप्तलेखनाचे कवच तिला अवश्य असावे. पण डोळ्यांनी दिसणारा, हातांनी मोजता येणारा पुरावा त्यासाठी सोडू नये. निवडणुकीचा निकाल जिंकणाऱ्यास पटवावा लागत नाही. तो हरणाऱ्यास पटावा लागतो. ज्या दिवशी हरणाऱ्याला “गणितज्ञांवर विश्वास ठेवा” एवढेच उत्तर मिळेल, त्या दिवशी कुलूप शाबूत असेल, पण घरातील ऐवज गेलेला असेल.