पातळाची पायरी

आमच्या भिंगारमध्ये कुणी नगरच्या दवाखान्यातून घरी आलं, की भेटायला येणाऱ्यांच्या हातात शहाळी असतात आणि तोंडी एकच सल्ला: ‘आता पातळच द्या.’ किती दिवस, हे कुणी सांगत नाही. शेजारच्या एका आजींचं पोटाचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर तीन आठवडे त्यांना भाताची पेज आणि डाळीचं वरचं पाणी एवढंच मिळालं. टाके सुकले, पण उंबरा ओलांडायचं बळ राहिलं नाही. घरच्यांच्या मायेत उणं नव्हतं, समजूत चुकली होती. त्या समजुतीशी माझा वाद आहे.

पहिला पूर्वपक्ष असा: आजारात अग्नी मंदावतो, म्हणून अन्न तोडावं, आपलं शास्त्रही लंघनच सांगतं. अग्नी मंदावतो हे खरं, पण शास्त्र तिथे थांबत नाही. शोधनानंतर, म्हणजे वमन-विरेचनासारख्या शुद्धीनंतर, आयुर्वेद संसर्जनक्रम सांगतो. आधी पातळ पेया, मग दाट विलेपी, मग यूष म्हणजे कढण, मग मांसरस. प्रधान, म्हणजे सर्वांत तीव्र शुद्धीनंतरही हा क्रम 12 अन्नकाळांत, सात दिवसांत संपतो आणि त्यात पेयेच्या वाट्याला तीनच जेवणं येतात. ज्या शास्त्राच्या नावाने आजींना तीन आठवडे पेजेवर ठेवलं, त्याला हे मान्य नाही. शिवाय जखम प्रथिनांनी भरते. डाळीचं पाणी निवळून दिलं, की प्रथिनं पातेल्याच्या तळाशी राहतात.

दुसरा पूर्वपक्ष: खाणं जात नसेल तर सलाईन लावा, ताकद येते. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, ऊर्जा शून्य. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे 100 कॅलरी. ज्वारीची एक भाकरी याहून जास्त देते. सलाईन पाणी आणि क्षार भरून काढतं, प्रसंगी जीव वाचवतं. जेवणाची जागा मात्र घेत नाही.

तिसरा पूर्वपक्ष नवा आहे: आठवडाभर फक्त रस प्या, शरीर आतून धुऊन निघेल. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतात. रस गाळताना फळाचा चोथा जातो आणि साखर उरते. मधुमेह्याने रसवंतीवरचा ग्लास ‘हलका आहार’ म्हणून पिणं तर घातकच. अमेरिकेत 1970च्या दशकात वजन उतरवण्यासाठी केवळ द्रव प्रथिनांवर राहायची लाट आली. हृदयाची लय बिघडून पन्नासहून अधिक माणसं दगावल्याची नोंद झाली, तेव्हा ती ओसरली. आणि पातळ ते निर्धोक, हेही खरं नाही. पक्षाघाताने गिळण्याची शक्ती दुबळी झाली, तर घोटभर पाणीही श्वासनलिकेत उतरू शकतं. अशा वेळी पेय मुद्दाम दाट करून देतात.

मग पातळ आहार टाकाऊ का? मुळीच नाही. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं. तीसच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांखाली आलं. साखर आतड्यातून आत जाताना मिठाला बरोबर नेते आणि त्यांच्यामागे पाणी शिरतं. आज तेच आपण एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घरी करतो. ऑपरेशनआधीही ‘रात्रीपासून पाण्याचा थेंब नको’ हा सरसकट नियम आता जुना झाला. एरवी धडधाकट रुग्णाला भुलीच्या दोन तास आधीपर्यंत पाणी किंवा नितळ पेय चालतं. दुधाला मात्र सहा तास, कारण दिसायला पातळ असलं तरी ते पोटात थांबतं. अर्थात, शेवटचा शब्द भूलतज्ज्ञाचा.

वजन आणि मधुमेहावरही द्रव आहाराचा उपाय आहे. ब्रिटनमध्ये 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णांना तीन ते पाच महिने रोज साधारण साडेआठशे कॅलरींच्या मोजून दिलेल्या पेयांवर ठेवलं. वर्षाअखेर 46 टक्के रुग्णांची साखर औषधाविना आटोक्यात होती. पण त्यांच्यावर देखरेख होती, आणि नंतर काही आठवड्यांत पायरीपायरीने जेवण परत आणलं होतं. उपास सोडतानाही हीच पायरी लागते. आपल्या जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी 28 ऑगस्ट 2011 रोजी दिल्लीतलं उपोषण नारळपाणी आणि मध घेऊन सोडलं. दीर्घ उपासानंतर एकदम पोटभर जेवलं तर रक्तातले क्षार घसरून जीवावर बेतू शकतं. म्हणून आरंभ थोडा आणि पातळ.

सिद्धान्त एवढाच: पातळ आहार औषधासारखा द्यावा. कशासाठी, किती आणि कधीपर्यंत, हे ठरवून. डॉक्टर ‘पातळ द्या’ म्हणाले, की तिथेच विचारा, ‘किती दिवस? त्यानंतर काय?’ आणि परवानगी मिळाली, की डाळ न निवळता घोटून द्या, ज्वारीची आंबील द्या, हुलग्याचं माडगं द्या, मग मऊ भात, मग दुधात कुस्करलेली भाकरी. आजींना दुसऱ्या आठवड्यात हे मिळालं असतं, तर तिसऱ्या आठवड्यात त्या आपल्या पायांनी ओट्यावर येऊन बसल्या असत्या.