दारू सोडणाऱ्यांना एक खोली द्या

दारू सोडायची म्हटलं की आपल्याकडे सल्ले फुकट मिळतात. कुणी सांगतं, माळ घाल. कुणी देवापुढे शपथ घ्यायला लावतं. एखादी मावशी म्हणते, लग्न करून द्या, आपोआप सुधारेल. ‘अमुक वारी तमुक ठिकाणी मीटिंग असते, तिथे जा’ असं मात्र क्वचितच कुणी सांगतं, कारण ती मीटिंग कुठे भरते हेच गावाला ठाऊक नसतं.

मी तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची कार्यवाह आहे. आमच्या बालविभागात दर गुरुवारी संध्याकाळी ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ची, म्हणजे एएची मीटिंग भरते. हा विषय कार्यकारिणीपुढे आला तेव्हा अपेक्षेप्रमाणे गदारोळ झाला. बेवड्यांचा अड्डा होईल, पोरीबाळी यायच्या बंद होतील, वर्गणीदार तुटतील. एका मंगल कार्यालयानं या मंडळींना आधीच नारळ दिला होता. मी एवढंच विचारलं, “पिणारे रोज रात्री आपल्या पायऱ्यांवर बसतात, त्यांना आपण उठवत नाही. मग सोडणाऱ्यांनी आत बसायला कुणाची हरकत आहे?” ठराव जेमतेम मंजूर झाला.

भाडं नको म्हटलं तर मंडळी ऐकेनात. एएचा दंडकच आहे: सभासद फी नाही, बाहेरची देणगी घ्यायची नाही, खर्च आपापसांत भागवायचा. मीटिंगमध्ये एक डबा फिरतो, ज्याला जमेल तो टाकतो. त्यातून चहा होतो आणि आमचं भाडंही. जाताना बाकं जागच्या जागी, कप धुतलेले. वाढदिवसाला हॉल घेणाऱ्यांनी यांच्याकडून शिकावं.

काही मीटिंगा खुल्या असतात, तिथे कुणालाही बसता येतं. अशा एका मीटिंगला मी बसले. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं असतं, त्यामुळे कुणाची हकीकत सांगत नाही. पाहिलेलं मात्र सांगते. पोरांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसली होती. भाषण नाही, उपदेश नाही. एकेकानं पहिलं नाव सांगायचं, आपण अल्कोहोलिक आहोत म्हणायचं आणि बोलायचं. बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. एक नवा माणूस दाराशी बसला होता. चहा आला तेव्हा वाटणाऱ्यानं त्याचा कप अर्धाच भरला. हात थरथरत असताना भरलेला कप सांडतो, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

एएची सगळी ताकद याच जाणतेपणात आहे. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हे शल्यविशारद, दोघेही दारूनं गांजलेले, एकमेकांशी बोलत राहिले. संस्था त्यातून उभी राहिली. हे नुसतं भाबडेपण नव्हे. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पडताळणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं तपासली गेली. पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत, एएशी नीट जोडून देणारे उपचार इतर मान्य पद्धतींच्या तोडीस तोड आणि बऱ्याचदा सरस ठरले.

अर्थात मीटिंग म्हणजे दवाखाना नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर हवाच. पण औषध घेऊन माणूस घरी परततो तेव्हा तेच मित्र असतात, तोच नाका असतो आणि रिकामी संध्याकाळ खायला उठते. पुण्याच्या ‘मुक्तांगण’नं हे फार आधी ओळखलं. १९८६ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात उपचारानंतरच्या पाठपुराव्याला महत्त्व आहे, आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे. एएच्या धर्तीवर घरच्यांसाठी अल्-अनॉन आहे. पिणाऱ्या बाईला मात्र मीटिंगच्या खोलीचा उंबरा ओलांडणं अजून अवघड जातं, म्हणून आमच्याकडे तिच्यासाठी मागचं दार उघडं असतं.

‘एम्स’च्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळतो. उरलेल्यांसाठी रुग्णालयं बांधायला सरकारला वेळ लागेल, पैसा लागेल. खोलीला तेवढा लागत नाही. महाराष्ट्रात १९६७ पासून ग्रंथालयांचा कायदा आहे, हजारो शासनमान्य ग्रंथालयं आहेत. शिवाय शाळा आहेत, देवस्थानांचे सभामंडप आहेत, सोसायट्यांचे हॉल आहेत. यांतले कितीतरी संध्याकाळी कुलपात असतात.

ज्याच्या घरात हा प्रश्न आहे त्यानं १४४४६ या केंद्र सरकारच्या मोफत हेल्पलाइनवर किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जवळचा गट विचारावा. पहिल्यांदा जाताना सोबत कुणीतरी जावं. आणि विश्वस्तांनो, सेक्रेटरींनो, मुख्याध्यापकांनो, तुम्ही आठवड्यातून दीड तासासाठी एक खोली उघडा. फलकावर वार आणि वेळ ठळक लिहा, म्हणजे ज्याला यायचं आहे त्याला कुणालाही विचारावं लागणार नाही.