दुधाची हमी कोणाच्या खर्चाने?

ब्रिटनमधल्या दूध उत्पादकाच्या गोठ्यावर किती जणांचे डोळे असतात, याची नुसती यादी करायची म्हटली तरी दम लागतो. दूध काढण्याच्या जागेच्या स्वच्छतेसाठी अन्न मानक संस्था, जनावरांच्या आजारांसाठी पशुआरोग्य यंत्रणा, शेणाच्या साठ्यासाठी पर्यावरण संस्था, अनुदानाच्या अटींसाठी वेगळे कार्यालय, गोवंशातल्या क्षयरोगाची चाचणी निराळीच, शिवाय दूध उचलणाऱ्या कंपनीचा स्वतःचा माणूस. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे ‘रेड ट्रॅक्टर’ या हमी योजनेचा तपासनीस. २००० साली तिथल्या शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने ही योजना सुरू झाली. दुधाच्या बाटलीवर छोट्या ट्रॅक्टरचे चिन्ह असले की त्यातले दूध तपासलेल्या गोठ्यातले आहे, असे गिऱ्हाइकाने समजायचे. त्यासाठी साधारण दीड वर्षातून एकदा तपासनीस येतो. औषधांची वही आणि औषधांचे कपाट ताडून पाहतो, मुदत संपलेली बाटली शोधतो, दुधाच्या टाकीचे तापमान, वासरांचे कप्पे, लंगडणाऱ्या गायींच्या नोंदी, उंदरांच्या बंदोबस्ताचा आराखडा असे सगळे तपासतो. योजनेत सामील होणे कागदोपत्री ऐच्छिक आहे. पण देशातले जवळजवळ सगळे दूध या योजनेतल्या गोठ्यांतून येते आणि मोठ्या डेअऱ्या त्याशिवाय दूध घेत नाहीत. तेव्हा ऐच्छिक असण्याला काय अर्थ उरतो, ते उघड आहे.

या तपासणीला कसे तोंड द्यावे, याविषयी तिथल्या शेतकऱ्यांना सल्ले देणाऱ्यांची वाण नाही. नोंदी रोजच्या रोज ठेवा, कागद एका जागी ठेवा, तपासनीस शत्रू नाही हे लक्षात घ्या, वगैरे. हे सल्ले चुकीचे नाहीत. पण त्यात सगळा भार शेतकऱ्याच्या टापटिपीवर टाकला जातो आणि मुख्य प्रश्न बाजूला पडतो. ही हमी कोणाला हवी आहे आणि तिचा खर्च कोण सोसतो? माझे म्हणणे असे की, गोठ्याची तपासणी हवीच. पण हमी मागणाऱ्याला प्रत्येक नव्या अटीची किंमत मोजावी लागत नाही, तोवर अटी वाढतच जाणार आणि तपासणीचा दर्जा मात्र घसरत जाणार.

हमी मुळात कोणाला हवी होती, याचे उत्तर कायद्यात आहे. १९८८ मध्ये अंड्यांतल्या साल्मोनेलावरून ब्रिटनमध्ये गदारोळ झाला. त्यानंतर १९९० चा अन्नसुरक्षा कायदा आला. सदोष माल विकल्याचा आरोप झाला तर ‘आम्ही शक्य ती सर्व खबरदारी घेतली होती’ असा बचाव विक्रेत्याला करता येईल, अशी तरतूद त्यात होती. खबरदारी घेतली हे दाखवायचे तर पुरावा लागणार. पुरावा म्हणजे कागद, आणि तो कागद तयार होणार शेतावर. पुढे १९९४ मध्ये सहा दशके दूध गोळा करून विकणारे दूध पणन मंडळ बरखास्त झाले आणि शेतकरी एकेकटा कंपन्यांसमोर उभा राहिला. १९९६ मध्ये वेड्या गायींचा रोग माणसालाही होऊ शकतो, असे सरकारने संसदेत सांगितले आणि ग्राहकाचा उरलासुरला विश्वासही उडाला. हमी योजना या तिन्ही घटनांच्या पोटी जन्मल्या. ग्राहकाला दिलासा मिळाला हे खरे, पण सर्वांत मोठा लाभ दुकानदाराला झाला. त्याची कायदेशीर ढाल शेतकऱ्याच्या फायलींतून घडली.

योजनेने काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ब्रिटनमध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांची विक्री २०१४ ते २०२२ या काळात ५९ टक्क्यांनी घटली. त्याचे श्रेय पशुवैद्य, उद्योगाने स्वतःसाठी ठरवलेली उद्दिष्टे आणि सरकार यांनाही जाते. पण माणसांच्या उपचारात अत्यंत महत्त्वाची असलेली प्रतिजैविके गायीला शेवटचा उपाय म्हणूनच द्यायची, तीही पशुवैद्याच्या देखरेखीखाली, ही अट गोठ्यागोठ्यात पोहोचली ती हमी योजनेमुळे. दूध न देणारे म्हणून नर वासरू जन्मतःच मारून टाकण्याच्या रिवाजालाही याच मार्गाने आळा बसला. या दोन्ही अटींचा हेतू शेतकऱ्याला समजतो आणि त्यांचा परिणाम मोजता येतो. तपासणी अशा गोष्टींवर बेतलेली असली की तिच्याविषयी कुरकुर कमी होते.

कुरकुर होते ती दुसऱ्याच गोष्टींबद्दल. दूध हा असा माल आहे की तो स्वतःच साक्ष देतो. युरोपच्या नियमांतून आलेली मर्यादा सांगते की, मिलिलिटरमागे कायिक पेशी चार लाखांच्या आणि जिवाणू एक लाखाच्या आत हवेत. या चाचण्या डेअरीत नियमित होतात आणि त्यांवर दर ठरतो. कासदाह वाढला की पेशींचा आकडा चढतो, भांडी नीट धुतली गेली नाहीत की जिवाणूंचा. म्हणजे गोठ्याची वर्षभराची हकिकत आकड्यांत आधीच लिहिलेली असते. गायीच्या जन्माची आणि हलवाहलवीची नोंद सरकारकडे असते, औषधांची पशुवैद्याकडे. तरीही तपासनीस येतो तेव्हा हीच माहिती वेगळ्या नमुन्यात, वेगळ्या फायलीत पुन्हा द्यावी लागते. दीड वर्षातल्या त्या काही तासांत गायीकडे पाहण्यापेक्षा कागदाकडे पाहणे सोपे असते आणि वादाचेही नसते. सही राहिली की राहिली. गाय किती लंगडते यावर मात्र दोन जाणत्यांचे मतभेद होऊ शकतात. त्यामुळे फाइल चोख ठेवणारा आळशी माणूस पार होतो आणि जनावरात जीव ओतणारा, पण लिहिण्याचा कंटाळा असलेला माणूस अडकतो.

याचा ताण किती, हे २०२१ मध्ये रॉयल ॲग्रिकल्चरल बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन या शेतकरी साहाय्य संस्थेने इंग्लंड आणि वेल्समध्ये केलेल्या मोठ्या पाहणीतून दिसले. शेतीतल्या ३६ टक्के लोकांमध्ये नैराश्याची शक्यता आढळली आणि ताणाच्या प्रमुख कारणांत नियम, त्यांची पूर्तता आणि तपासण्या यांचे नाव होते. बरे, एवढे करून हमी तरी पक्की आहे का? ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या जाहिरात मानक प्राधिकरणाने रेड ट्रॅक्टरची एक जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. नद्यांसाठी लढणाऱ्या ‘रिव्हर ॲक्शन’ या संस्थेची तक्रार होती की, ‘काळजीने पिकवलेले’ असे सांगताना पर्यावरणाची जी काळजी सुचवली जाते, तिला पुरेसा आधार नाही. आम्ही पर्यावरणाचा दावा केलाच नव्हता, असे योजनेचे म्हणणे होते. दोन्ही बाजू ऐकल्यावर मनात येते ते एवढेच की, शेतकरी कागदात बुडाला तरी नदी सुरक्षित आहे अशी खात्री कोणी देऊ शकले नाही.

असे का होते? २०२३ मध्ये योजनेने ‘ग्रीनर फार्म्स कमिटमेंट’ नावाचा पर्यावरणविषयक अटींचा एक नवा संच जाहीर केला. मागणी किरकोळ विक्रीच्या साखळ्यांची होती; त्यांना आपल्या पर्यावरणाच्या उद्दिष्टांसाठी शेतावरचे आकडे हवे होते. हाही संच ऐच्छिकच म्हटला गेला, पण ऐच्छिकाचे सक्तीचे कसे होते हे शेतकऱ्यांनी पाहिले होते. आम्हाला विचारले नाही आणि पैशाचे नावही नाही, असा ओरडा झाला आणि तो संच गुंडाळावा लागला. मग शेतकरी संघटनांनीच नेमलेल्या डेव्हिड लेवेलिन यांच्या समितीने जानेवारी २०२५ मध्ये अहवाल दिला. तपासण्या कमी आणि सुटसुटीत करा, एकमेकींशी जोडा, तंत्रज्ञान वापरा, निकष ठरवताना शेतकऱ्याला मध्यभागी आणा, असा त्याचा रोख आहे. अहवाल चांगला आहे. पण तपासणी सुटसुटीत झाली म्हणून नव्या अटी यायच्या थांबत नाहीत, कारण अट मागणाऱ्याला ती जवळपास फुकट पडते. चिन्ह वापरणाऱ्या कंपन्या योजनेला शुल्क देतात, हे मान्य. खरा खर्च मात्र त्या शुल्काचा नसतोच. तो असतो वासरांचा नवा कप्पा, शेणाची वाढीव टाकी, पशुवैद्याची फी आणि संध्याकाळी धारा काढून झाल्यावर नोंदी करण्यात जाणारे तास यांचा. तो शेतकऱ्याच्या खात्यावर पडतो.

यावर पहिला आक्षेप असा की, बाजारात प्रवेश मिळतो हाच मोबदला. हमी नवी होती आणि थोड्यांकडे होती, तेव्हा यात तथ्य होते. आता ती सगळ्यांकडे आहे, म्हणून तिला वेगळा दर उरलेला नाही. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या काही साखळ्या चार पिंट, म्हणजे सव्वादोन लिटरहून जरा जास्त दूध ८९ पेन्सांना विकत होत्या. त्या ऑगस्टमध्ये स्टॅफर्डच्या एका सुपरमार्केटमध्ये शेतकऱ्यांनी चक्क गायी नेऊन उभ्या केल्या. आपल्याकडे दूध रस्त्यावर ओततात, त्यांनी गायीच दुकानात नेल्या, दुखणे एकच. हमीच्या अटींनी त्या दरात एका पेनीचीही भर घातली नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. खरेदीदाराने पैसे मोजायचे ठरवले तर निकषही तोच ठरवील आणि तपासनीस त्याचा माणूस होईल. पण निकष आजही प्रत्यक्षात तोच ठरवतो, फक्त फुकटात. उलट जिथे पैसे मोजले गेले, तिथला अनुभव पाहण्यासारखा आहे. टेस्को या साखळीने २००७ मध्ये आपल्या दूध उत्पादकांचा गट बांधला, उत्पादन खर्चावर आधारित दर दिला आणि बदल्यात सर्वसाधारण योजनेपेक्षा कडक अटी घातल्या. शेतकऱ्यांनी त्या स्वीकारल्या. साखळीचा स्वार्थ होताच आणि गटाबाहेरच्यांना काही मिळाले नाही, ही त्या व्यवस्थेची उणीव. तरीही कडक अटीला शेतकऱ्याचा मूळ विरोध नसतो, हे तिने दाखवले. शिवाय अटीला पैसे लागले की मागणारा विचार करून मागतो. उंदरांच्या आराखड्याची तिसरी प्रत त्याला नको होते. तिसरा आक्षेप महागाईचा. दूध महागेल, पण थोडेसेच, आणि कशामुळे ते गिऱ्हाइकाला सांगता येईल. आज तीच रक्कम शेतकरी भरतो आणि ती कुठल्याच पावतीवर दिसत नाही. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड मिळून दूध उत्पादक आता सात हजारांच्या आसपास उरले आहेत.

हे सगळे महाराष्ट्राने का वाचावे? नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांना युरोपच्या हमीचा अर्थ सांगायला नको. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागेतले सीसीसी, या संजीवकाच्या अंशावरून युरोपात द्राक्षे अडली. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हते. यादीबरहुकूम वागलेले बागायतदारही त्यात बुडाले. दुधात आपण अजून संकलन केंद्राच्या टप्प्यावर आहोत: फॅट, एसएनएफ, पाणी आहे की नाही, झाले. पण केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून घेतलेल्या ६,४३२ नमुन्यांत भेसळीचे नमुने अवघे १२ निघाले आणि ५.७ टक्के नमुन्यांत अफलाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेपेक्षा जास्त आढळले. भेसळ दुधात होते, अफलाटॉक्सिन मात्र बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि भरड्यातून येते. ते रोखायचे तर आज ना उद्या कोणीतरी गोठ्यापर्यंत येणारच, आणि यायलाही हवे. फक्त पेंडीच्या कारखान्यावरून पुढे जाऊन थेट दोन-तीन गायींच्या मालकाच्या गोठ्यात वही तपासणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होईल.

कागदाचा मासला आपण पाहिला आहेच. २०२४ मध्ये राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान दिले, तेव्हा जनावराच्या कानात बिल्ला आणि त्याची ऑनलाइन नोंद ही अट होती. अट रास्तच होती, कारण नोंद नसेल तर रोगाचा मागही काढता येत नाही. पण त्या अटीपुढे रुपयाचा आकडा लिहिलेला होता, म्हणून शेतकऱ्याने गायीला बिल्ला मारून घेतला. सहकारी संघांचे संचालक, खासगी डेअऱ्या आणि दुग्धविकास खाते यांनी गोठ्याची हमी मागायला सुरुवात करण्याआधी एवढे करावे: फॅट आणि एसएनएफच्या दरपत्रकात आणखी एक रकाना आखावा, आणि कोरडी पेंड, औषधानंतर बाजूला काढलेले दूध, लसीकरण यांपैकी जी अट घालायची असेल तिच्यासमोर लिटरमागे किती पैसे वाढवून देणार, ते आधी छापावे.